अडणी

काम आलं ते औषधाच्या पाकिटामागे रेखाटून आलं.
चार पाय, वर फळी, फळीत दोन भोकं.
"मामाच्या कुत्र्याला," ड्रायव्हर कुन्हुमोन म्हणाला.
(मामा म्हणजे मालकीण. इथे असंच म्हणतात.)
"म्हातारा झालाय. मान खाली जात नाही."

अजमानच्या सनाइयात अठरा वर्षं
मी दारं केली, चौकटी केल्या, मजलिसची कपाटं.
कुत्र्यासाठी कानावरची पेन्सिल
कधी काढली नव्हती.

शुक्रवारी माप घ्यायला गेलो.
सलूकी. नाव बर्क, म्हणजे वीज.
चौदा वर्षांची वीज संगमरवरावर
पाय फाकवून उभी होती,
पोट पाठीला टेकलेलं.
जमीन ते खांदा सदुसष्ट.
जमीन ते छातीचं हाड सेहेचाळीस.
त्याने टेप हुंगली, मग माझं मनगट,
आणि हनुवटी तिथेच ठेवून दिली.
आकडे लिहायला हात मोकळा होईपर्यंत
थांबलो.

सेहेचाळीसवर केलेली पहिली चुकली.
त्याला मान वर धरून खावं लागलं,
घास अडला, खोकला.
मामा काही बोलली नाही, फक्त
बोटाने हवेत एक रेघ ओढली: इथे.
पाय कापले. चाळीस. पुन्हा कापले. चौतीस.
मग पट्ट्याचं बक्कल स्टीलवर वाजायचं,
टिंग झालं की तो मागे सरायचा,
म्हणून भोकाच्या कडेला फेल्ट चिकटवलं.
फरशीवर ती घसरायची,
म्हणून तळाला टायरचं रबर.
प्लाय नकोच, ऑगस्टात हवाच पिऊन फुगतो;
एका दारातून उरलेलं सागवान होतं.
वार्निश नाही. जवसाचं तेल, तीन हात,
कारण त्याला डोळ्यांपेक्षा
नाकानेच जास्त दिसतं.

शाहिदुल म्हणाला, "कुत्र्याला डायनिंग टेबल,
आपल्याला पेपर."
आम्ही पेपरावर बसलो होतो. पेपरावरच भात.
मला हसू आलं आणि मग
मधेच कधीतरी एक शब्द आठवला, अडणी.
पंगतीत पाहुण्याच्या ताटाखाली असायची.
बाबा करायचे. लेथवर पाय कातायचे,
लाखेचा रंग फिरत्या लाकडाला लावायचे,
सावंतवाडीत आमच्या गल्लीला
तोच वास.
बाबांची मानही आता जात नाही खाली.
आई फोनवर सांगते, आमटी सांडते,
सदरे धुऊन धुऊन विटले.
बर्कचे सगळे आकडे मला पाठ.
बाबांचा एकही नाही.

"ब्लाउजची टेप घे," म्हटलं,
"मांडी घालून बसले की
जमिनीपासून छातीपर्यंत किती?"
आई आधी गप्प, मग खळखळून हसली.
"अरे, ते काय बैल आहेत का
मापं काढून विकायला?"
मागून आवाज आला: कोणाचा फोन?
कसलं माप?
टेप सापडली नाही. दोन विती
आणि वर चार बोटं, ती म्हणाली.
कोणाची वीत, विचारायचं राहिलं.

दुपारी काम बंद असतं उन्हाळ्यात, साडेबारा ते तीन.
त्या वेळात केली.
तीन पाय, कारण घरची जमीन सारवलेली,
चौथा पाय तिथे डगमगतो.
भोक पाडलं नाही.
कार्गोच्या खोक्यात साबण, बदाम,
एक ब्लँकेट आणि मधोमध ती.

बर्क चौतीसवर जेवतो. कुन्हुमोनने
व्हिडिओ पाठवला, सतरा सेकंदांचा.
वाटी चाटून झाल्यावरही तो
तसाच उभा राहतो, फळीवर गळा टेकून.

खोकं पोचायला सात आठवडे लागले.
बाबांनी म्हणे आधी ती उलटी केली,
सांध्यांवर नख फिरवलं.
"खिळा मारला नाहीन," म्हणाले. बस, एवढंच.
ताट मात्र जमिनीवरच.
आमटी अजून सांडते.

अडणीवर आता मांजर जेवतं.
आई म्हणते, त्याला ती जरा उंचच होते,
मागच्या पायांवर उभं राहावं लागतं बिचाऱ्याला.

रविवारी फोन करीन तेव्हा
मांजराचं माप विचारायला हवं.